बदामाचं बेट

ओदील बाईंच्या पावाच्या दुकानाच्या काचेत क्रीनाला आपलं गाव बुडताना दिसलं. हातातली छत्री मिटावी की उघडावी हेच तिला क्षणभर कळेना. खरं तर पाऊस नव्हता. नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा होता, आणि या दिवसांत त्या काचेत दरवर्षी बदामाच्या गोळ्याची, मार्झिपानची, गुलाबी डुकरं आणि सेंट निकोलसच्या उंच टोप्या मांडलेल्या असत. यंदा ती सगळी डुकरं एका कोपऱ्यात ढकलली होती आणि मधोमध दाराच्या फळीएवढ्या पाटावर एक बेट ठेवलं होतं. वाल्खेरेन, तिचं हॉलंडमधलं बेट. चालीवरून माणूस ओळखावा तसं तिनं ते आकारावरून ओळखलं, खाली चिकटवलेली नावाची चिठ्ठी वाचायची गरज पडली नाही. पिस्त्याची हिरवी शेतं, साखरेचा मिडलबर्गचा मनोरा, किनाऱ्याला बिस्किटाच्या चुऱ्याच्या टेकड्या, आणि पश्चिमेच्या टोकाला काळ्या चॉकलेटचा समुद्रबांध. त्या बांधाच्या मध्यावर भोक होतं. भोकातून निळा पाक आत आला होता आणि हिरव्या शेतांवर पसरून गोठला होता. पाकावर इवल्याइवल्या होड्या, प्रत्येकीवर कागदाचा झेंडा. आणि त्या भोकाच्या कडा कशा, तर सुरीनं कापल्यासारख्या सरळ. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती त्या कडांमुळे. होड्यांचं काही वाटलं नाही, झेंड्यांचंही नाही. बांध फुटतो तेव्हा कडा सरळ नसतात. गवत लोंबतं, माती तासातासाला ढासळत राहते आणि भोक आपलं आपण मोठं होत जातं, हे ज्याला माहीत नाही त्यानं हे भोक पाडलं होतं.

ओदील बाई हात पुसत बाहेर आल्या. पिठानं माखलेले कोपरापर्यंतचे हात, चेहऱ्यावर पहिल्या बाळंतपणाचं कौतुक. नवरा चार दिवस खपलाय म्हणाल्या. नकाशा पुढ्यात ठेवून, पट्टीनं मोजून. रविवारी बंदर उघडल्याला दहा वर्षं होताहेत, गोदीच्या सभागृहात समारंभ आहे, खुद्द इंग्लंडहून कर्नलसाहेब यायचेत, तेच हे कापणार.

"आणि फुलं तुझ्या हातून जाणार ना? तुझा फ्लोरेंट सांगत होता. तुमच्या तिकडची ती पांढरी टोपी घालणार आहेस म्हणे. खरी बेटावरची पोर उभी राहिली म्हणजे कशी शोभा येईल बघ."

क्रीनाला यातलं काहीच माहीत नव्हतं, नवऱ्यानं घरी अवाक्षर काढलं नव्हतं. फुलं देणारीला सोडून सगळ्या गल्लीला माहीत असावं. तिनं पाव घेतला, तो काखेत धरला आणि म्हणाली, "सुबक झालंय." नंतर घरापर्यंतची सगळी वाट ती त्या शब्दाला चावत राहिली. सुबक. दुसरं काही तोंडात आलं नाही का तुझ्या? आईला आणि थोरल्या बहिणीला, यिकमीनला, गिळणारं भोक बघून तुला सुबक म्हणवलं? पण माणसाची जीभ अशीच असते, शेजाऱ्याचं मन मोडायचं तिच्या जिवावर येतं आणि मेलेल्यांचं तिला काही वाटत नाही.

धक्क्याच्या बाजूनं ती चालली होती. क्रेनांच्या माना खाली-वर होत होत्या, एका जहाजातून धान्याची पोती उतरत होती. सात वर्षं ती या शहरात राहत होती आणि सात वर्षांत एकही दिवस असा गेला नव्हता की आत येणारं जहाज बघून तिच्या मनात आलं नाही, हे आमच्या घरावरून आलंय. स्खेल्डे नदी इथून वळणं घेत समुद्राला मिळते आणि तिच्या तोंडाशी वाल्खेरेन आहे. जहाजाला अँटवर्पला यायचं तर बेटाला वळसा घालावाच लागतो. म्हणजे बेटावर तोफा ज्याच्या, बंदर त्याचं. एवढी साधी गोष्ट गावातल्या कोळ्याच्या पोराला कळत होती. मोठ्या सेनापतींना कळली नाही. चव्वेचाळीसच्या सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात दोस्त राष्ट्रांच्या फौजांनी जर्मनांकडून अँटवर्प घेतलं ते एका दिवसात, क्रेनच्या एका तारेलाही धक्का न लागता. फ्लोरेंट तेव्हा गोदीतच होता, त्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी पाण्याचे दरवाजे जर्मनांच्या सुरुंगांपासून वाचवले होते. आणि मग? मग हे लोक घराचं दार जिंकून ओसरीवरच बसले. त्यांचे डोळे लागले होते ऱ्हाईनकडे, बर्लिनकडे, वर्तमानपत्रातल्या मथळ्यांकडे. नदीचं तोंड राहून गेलं. जर्मनांना पळायला वाट मिळाली, खंदक खणायला महिना मिळाला, तोफा सिमेंटात बसवायला सवड मिळाली. फ्लोरेंट हे जेवताना सांगायचा, चमचा आपटून सांगायचा, रिकाम्या धक्क्यावर पंच्याऐंशी दिवस हात बांधून कसे उभे होतो ते. आणि पुढचं वाक्य गिळायचा, कारण पुढचं वाक्य समोर बसून सूप पीत असायचं. चूक नकाशावरच्यांची, आणि बुडायचं कुणी, तर आम्ही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

तोफा सिमेंटात होत्या म्हणून बेटच बुडवायचं ठरलं. बांध फोडायचा, समुद्र आत घ्यायचा आणि मग त्याच भोकातून होड्या घालायच्या. कागदावर किती सोपं. पण तिच्या गावात बांध हा बांध नव्हता. गावात पुरुष बांधावर जन्माला यायचे म्हटलं तरी चाललं असतं. पेंढ्याच्या चटया विणायच्या, त्या बांधाच्या अंगावर अंथरायच्या, खुंट्यांनी टाचायच्या, वादळानं उसकटल्या की पुन्हा टाचायच्या. आजा, पणजा, त्याचा बाप, सगळे हेच करत मेले. बाबा, लाउरुस रुल्से, बांधावरच्या टोळीचे मुकादम. बाबांचं फावडं हिवाळ्यात चुलीशी निजायचं. आणि त्या फावड्याचा एक कायदा होता, शेकडो वर्षांपूर्वीचा. ज्याला आपल्या वाट्याचा बांध राखवत नाही त्यानं आपलं फावडं बांधात उभं रोवायचं, राखवत नाही असं तोंडानं म्हणायचं आणि बायकापोरं घेऊन निघून जायचं. घर, शेत, गोठा सगळं मागे टाकून. मग जो कुणी ते फावडं उपसून काढील त्याला सगळं मिळायचं. घर त्याचं, शेत त्याचं, आणि बांधही त्याचाच. बांधापायी पूर्वी जे मेलं-बुडालं असेल त्याचा जाबही त्यानंच द्यायचा. असं करताना जिवंत माणसांपैकी कुणी कुणाला पाहिलं नव्हतं. तरी गावात पाणी प्यायला थांबलेला माणूससुद्धा फावडं कधी उभं ठेवायचा नाही, आडवंच टाकायचा. क्रीनानं सहा वर्षांची असताना खेळण्यातलं फावडं बांधाच्या गवतात खुपसलं होतं. तेव्हा बाबांनी तिला मारलं. आयुष्यात तेवढंच एकदा.

अशा माणसाच्या हातात आकाशातून कागद पडला, की गाव सोडा, बांधापासून दूर जा. दोन ऑक्टोबरला दुपारी दोस्तांच्या विमानांतून पत्रकं पडली. अर्धी शेतात गेली, अर्धी खड्ड्यात. बाबांनी एक उचललं, उभ्या उभ्या वाचलं, घडी करून खिशात ठेवलं. यिकमीनला तेव्हा आठवा सरला होता. तिचा नवरा जर्मनीतल्या कुठल्याशा कारखान्यात जबरदस्तीनं नेलेला. आई म्हणाली, मिडलबर्गला मावशीकडे जाऊ या का दोन दिवस. बाबा हसले. खरंच हसले, क्रीनाला ते हसणं आजही दिसत होतं, मिशीखालचा एक पडका दात. "बांध कुणी फोडत नसतं गं," ते म्हणाले. "लढाई झाली म्हणून काय, समुद्र त्यांचाही शत्रूच ना? तोफांवर टाकतील चार बॉम्ब आणि जातील." आणि दुसऱ्या दिवशी क्रीना मावशीचं शिवणयंत्र परत द्यायला सायकलवरून मिडलबर्गला गेली. एक शिवणयंत्र, म्हणून ती आज अँटवर्पमध्ये काखेत पाव धरून चालत होती.

बाकीचं तिनं पाहिलं नाही, गोळा केलं. विमानं आली, पहिली फेरी झाली, बांधातून धूर उठला. आणि मग गावानं ते केलं जे फक्त त्याच गावानं केलं असतं. भोंगा वाजला, आणि माणसं बांधापासून पळण्याऐवजी बांधाकडे पळाली. बाबा आणि टोळीतले सहा जण फावडी घेऊन, पेंढ्याचे भारे खांद्यावर टाकून. विमानांनी पाडलेलं भोक बुजवायला! बायकामुलं वादळात नेहमी जिथं जायची तिथंच बाबांनी त्यांना पाठवलं, बांधाच्या पायथ्याला असलेल्या पेंढ्याच्या कोठारात. जाड विटांची भिंत, वरून वारा निघून जातो, आडोशाला झुळूकही लागत नाही. शंभर वादळांत ती जागा सगळ्यात सुरक्षित ठरली होती. आई गेली, यिकमीन पोट धरून गेली. मग दुसरी फेरी आली आणि भरतीची वेळ होती. सहाचे सहा गेले. बाबा बांधाच्या माथ्यावर फेकले गेले, म्हणून राहिले. कोठारात पाणी शिरलं ते दारातूनच, आणि दार आत उघडणारं होतं. चार दिवसांनी ओहोटीला ते उघडलं.

त्यानंतर वर्षभर समुद्र गावात दिवसातून दोनदा येऊन जात होता, पाहुण्यासारखा. बुडाल्यावर महिन्याभरातच, एक नोव्हेंबरला, त्याच भोकातून होड्या आल्या, तिच्या गल्लीवरून, रडत-ओकत बसलेल्या पोरांनी भरलेल्या. त्या पोरांवर तिचा राग नव्हता. त्यातली कितीतरी गावच्या देवळाच्या मनोऱ्याखालच्या वाळूत पालथी पडली होती, बूट घातलेली, इतकी तरुण की दाढीही धड नाही. त्यांनी जीव दिला आणि नदी उघडली, तोफा बंद पडल्या, महिन्याअखेरीला पहिलं जहाज अँटवर्पला लागलं. ते उतरवणाऱ्या क्रेनवर फ्लोरेंट होता. लढाई लवकर संपली म्हणतात. संपली असेल. कुणाचं तरी पोर त्यामुळे वाचलं असेल, हे ती नाकारत नव्हती, आणि नाकारता येत नव्हतं म्हणूनच तिचा राग कुठं टेकवायला जागा नव्हती. सैनिकांवर नाही, फ्लोरेंटवर नाही, ज्याचा सख्खा भाऊ बंदर उघडल्यावर धक्क्यावर पडलेल्या रॉकेटनं गेला. मग तो राग सगळ्यात जवळ जो होता त्याच्यावर जाऊन बसला होता. खिडकीशी खुर्ची टाकून, पाण्याकडे पाठ करून बसणाऱ्या एका म्हाताऱ्यावर.

सहा वर्षं बाबा तिच्याकडे होते. सहा वर्षं त्यांच्यात हवेबद्दल बोलणं व्हायचं, बटाट्यांबद्दल, पायाच्या सुजेबद्दल. त्या कागदाबद्दल तिनं कधी विचारलं नव्हतं, आणि न विचारणं हीच तिची शिक्षा होती, हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. ती त्यांचे सदरे धुवायची, घट्ट पिळायची, सूप समोर ठेवायची आणि विचारायची नाही. कधी कधी तिला वाटायचं, एकदा ओरडून विचारावं, कागद वाचला होता ना? मग का नाही निघालो आपण? पण ओरडलं तर क्षमा करावी लागते. फावडं त्यांनी बरोबर आणलं होतं. ते कोळशाच्या तळघरात, गोणपाटात गुंडाळून, आडवं पडलेलं होतं.

संध्याकाळी फ्लोरेंट आला तो हातात समारंभाचा छापील कागद घेऊनच. तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यानं ओळखलं की ओदील बाईंनी सगळं सांगून टाकलंय.

"मी सांगणारच होतो," तो म्हणाला.

"टोपी घालून? बाहुलीसारखी?"

"क्रीना, गोदीच्या साहेबांनी स्वतः विचारलं. नाही कसं म्हणू? फुलं द्यायची आणि बाजूला व्हायचं. दोन मिनिटांचं काम."

"बांधही दोन मिनिटांतच फुटला होता."

फ्लोरेंटनं कोट काढला, खुंटीला अडकवला, पुन्हा काढून हातात घेतला. तो वाईट माणूस नव्हता, आणि रागाच्या वेळी ही फार मोठी अडचण असते. तो म्हणाला, माझाही भाऊ गेला. मी गोदीत जाणं सोडलं का? हे बंदर उघडलं नसतं तर अजून एक हिवाळा लढाई चालली असती, आणखी लाखभर माणसं. ती म्हणाली, तुमचं ते लाखभर मला पाठ झालंय. सप्टेंबरात कुणी नकाशाची दुसरी घडी उघडली असती तर माझी तीन वाचली असती, त्याचा कुणी केक करा. तीन? फ्लोरेंटनं विचारलं, आणि लगेच त्याला समजलं, आणि त्यानं कोट पुन्हा खुंटीला अडकवला.

खिडकीशेजारच्या खुर्चीतून आवाज आला. बाबा जेवणापूर्वी सहसा बोलत नसत.

"टोपीला खळ लागते," बाबा म्हणाले. "आदल्या दिवशी भिजत घालावी लागते. आणि मीही येणार आहे."

क्रीनाला वाटलं, हातातलं ताट त्यांच्या पायाशी आपटावं. घरचं झालं थोडं. म्हणजे त्यांना ते चालणार होतं! ज्याच्यामुळे तिची आई पाण्यात बंद झाली तो माणूस तिची टोपी खळीत घालायला निघाला होता, साहेबाच्या स्वागताला. पण तिनं ताट आपटलं नाही. शनिवारी तिनं टोपी खळीत घातली, कडांना आई घालायची तशाच सुरकुत्या घातल्या, आणि प्रत्येक सुरकुतीबरोबर मनाशी पक्कं केलं की फुलं देणार नाही. उभी राहीन, आणि देणार नाही. बघू काय करतात.

रविवारी सभागृहात तीनशे माणसं होती आणि ओल्या लोकरीचा वास. बदामाचं बेट लांब टेबलावर पांढऱ्या कापडावर ठेवलं होतं. इतक्या जवळून बघताना तिला दिसलं की कोठार नाही. घरं होती, देवळाचा मनोरा होता, पण बांधाच्या पायथ्याला काही नव्हतं. नुसता निळा पाक. कर्नल पांढऱ्या मिशांचा, जरा बहिरा, काठी घेतलेला म्हातारा निघाला. राक्षस असता तर बरं झालं असतं. त्याची ओळख करून देताना सांगितलं की बेटाची योजना आखणाऱ्यांत हे होते. मग तो बोलला आणि दुभाषी पोरगा एकेक वाक्य शाळामास्तरासारखं नीट फोडून त्यांच्या भाषेत सांगत गेला. कठीण निर्णय होता. युद्धात असे निर्णय घ्यावे लागतात. आणि बेटावरच्या लोकांनी आपली भूमी या कार्यासाठी आनंदानं दिली.

आनंदानं. क्रीनाच्या कानात गरम शिसं ओतल्यासारखं झालं. कुणी दिली? कुणाला विचारलंत? कागद टाकलात तुम्ही, दुसऱ्याच दिवशी आलात. तेवढ्यात तिच्या नावाचा पुकारा झाला, ती पुढे झाली, फुलं छातीशी घट्ट धरून. आणि कर्नलनं काठी सोडून दोन्ही हातांनी तिचे हात धरले, आणि फुलं गेली. तिनं दिली नाहीत. ती नुसती गेली. टाळ्या पडल्या. इतका साधा पराभव तिनं धरलाच नव्हता. कर्नल वाकून काहीतरी म्हणाला. दुभाषी म्हणाला, पहिली सुरी बेटाच्या लेकीनं चालवावी अशी साहेबांची इच्छा आहे. तुमचं घर कुठं होतं ते विचारताहेत.

सुरी लांब होती, पाव कापायची, लाकडी मुठीची. मुठीचं लाकूड हातात आलं आणि तिला एकदम शेवटच्या रांगेतले बाबा दिसले. टोपी घातलेले, हात गुडघ्यांवर, अंग चोरून बसलेले. दहा वर्षं हा माणूस असाच बसलाय, तिला वाटलं. हे स्वागताला आलेले नाहीत. हे शिक्षा ऐकायला आलेत. सात माणसं फावडी घेऊन समुद्र थोपवायला पळाली, कारण बांध कुणी फोडत नसतं असं त्यांना खरंच वाटत होतं, आणि ते वाटणं हा गुन्हा म्हणून मी त्यांच्या गळ्यात बांधला. ज्यानं फोडला तो इथं फुलं घेऊन उभा आहे, आणि ज्यानं राखला तो मागं बसलाय. तिला आपलाच राग आला, मग तो राग फिरला, आणि पहिल्यांदा त्याला जायला वाट सापडली.

तिनं बोटानं घर दाखवलं नाही. भोकाच्या शेजारी, जिथं काळा बांध अजून धड होता, तिथं तिनं सुरी दोन्ही हातांनी उभी खुपसली. चॉकलेट तडकलं, पातं खालच्या पाटात रुतलं. तिनं हात सोडले. सुरी उभी राहिली.

"माझ्याच्यानं हा बांध राखवत नाही," ती गावच्या बोलीत म्हणाली, मोठ्यानं. "जो काढील, त्याचा."

लोकांना वाटलं, बेटावरची काही रीत असेल. कुणीतरी टाळी वाजवली, ओदील बाईंनी साथ दिली. फ्लोरेंट मात्र पांढरा पडला, त्याला कायदा ठाऊक होता. दुभाष्यानं हसून काहीतरी गोड सांगितलं. कर्नलनं मान डोलावली, मुठीला हात घातला, एकदा जोर लावला, आली नाही, मग दुसऱ्यांदा दोन्ही हातांनी ओढून सुरी बाहेर काढली.

मागच्या रांगेत खुर्ची सरकली. बाबा उभे राहिले होते. त्यांनी टोपी काढली, ती हातात धरली आणि सूज आलेल्या पायांनी खुर्च्यांमधून वाट काढत टेबलापाशी आले. वाटेत त्यांनी क्रीनाकडे पाहिलं. सरळ, डोळ्यांत. दहा वर्षांत पहिल्यांदा. मग ते कर्नलसमोर थांबले, एका मुकादमानं दुसऱ्याला काम सोपवावं तसे.

"माझ्या टोळीची सहा माणसं," बाबा म्हणाले. "माझी बायको. थोरली मुलगी. हे सगळं तुमच्याकडं आलं."

दुभाषी घुटमळला. सांगू का, असं त्यानं क्रीनाकडे बघून विचारलं.

"सांग," ती म्हणाली.

त्यानं सांगितलं. आता तो हसत नव्हता. कर्नल एक हात कानामागे धरून ऐकत होता, दुसऱ्या हातात सुरी, पात्याला चॉकलेट लागलेलं. ती खाली कुठं ठेवावी हे त्याला समजत नव्हतं.

"आणि एक राहिलंच," बाबा म्हणाले. "यिकमीनच्या पोटातलं. त्याचं नाव ठेवलेलं नाही अजून. तेही यांनीच ठेवायचं, म्हणावं."